नाव मोठे, किंमत लहान : नेटबुकच्या पाच वर्षांचा धडा

जून २००७ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात असूस या तैवानी कंपनीने एक छोटा लॅपटॉप मांडला आणि त्याची किंमत १९९ डॉलरपासून सुरू होईल असे सांगितले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘ई पीसी ७०१’ या नावाने तो विक्रीला आला. अमेरिकेत त्याच्या ४ जीबीच्या नमुन्याला ३९९ डॉलर पडू लागले, तरी तेव्हाच्या लॅपटॉपच्या मानाने ही किंमत फारच कमी होती. सात इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, फिरत्या हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश मेमरी, लिनक्सवर चालणारी प्रणाली आणि एक किलोच्या आतले वजन. ताकदीच्या दृष्टीने यंत्र अशक्तच होते, पण वर्ष संपेपर्यंत त्याचे तीन लाखांहून अधिक नग खपले. २००८ मध्ये ‘नेटबुक’ म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या अशा यंत्रांची जगभरातली विक्री एक कोटीच्या पुढे गेली आणि २००९ मध्ये ती तीन कोटींच्या आसपास पोचली. मग ओहोटी लागली. २०१२ संपता संपता असूस आणि एसर या दोन्ही बिनीच्या कंपन्यांनी ही यंत्रे बनवणे थांबवले. पाच वर्षांच्या या छोट्या इतिहासात व्यापारातल्या एका जुन्या प्रश्नाचे उत्तर सापडते. महाग आणि नावाजलेला माल बनवणाऱ्यांनी स्वस्त मालाच्या बाजारात उतरावे का? माझे म्हणणे असे की, यंत्राचे काळीज, म्हणजे प्रोसेसर आणि त्यावर चालणारी प्रणाली, दुसऱ्याच्या हातात असेल तर उतरू नये. ते स्वतःच्या हातात असेल तरच स्वस्त यंत्र बनवून कंपनीचे नावही टिकते आणि ग्राहकाचेही भले होते.

आधी हे लक्षात घ्यायला हवे की छोटा लॅपटॉप ही काही असूसची कल्पना नव्हती. तोशिबाचा लिब्रेटो १९९६ मध्ये जपानात आला होता. सोनीने १९९७ मध्ये मॅग्नेशियमच्या कवचातला, पातळ असा वायो ५०५ आणला. ब्रिटनच्या सायन कंपनीने १९९९ मध्ये चक्क ‘नेटबुक’ याच नावाचे छोटे यंत्र विकायला काढले. ही सगळी महागडी यंत्रे होती. लॅपटॉप जितका लहान तितके त्याचे सुटे भाग बारीक आणि त्यांची जुळणी अवघड, म्हणून लहान म्हणजे महाग असा हिशेब दहा वर्षे पक्का बसलेला होता. तो मोडण्याची प्रेरणा बाजारातून आली नाही, शिक्षणातून आली. एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हाती एक लॅपटॉप द्यायचा, अशी ती कल्पना होती. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये तिच्याकडे पाठ फिरवली, तरी रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट गावातल्या शाळेत २००७ मध्ये तिचा छोटासा प्रयोग झाला. उन्हातही वाचता येणारी स्क्रीन आणि अगदी कमी विजेवर चालणारे यंत्र ही त्या प्रकल्पाची खरी कमाई. शंभर डॉलरचा आकडा मात्र त्याला कधीच गाठता आला नाही, किंमत दोनशेच्या जवळ गेली. पण त्या घोषणेने जगभरच्या उत्पादकांना विचारात पाडले. इतक्या कमी पैशांत लॅपटॉप होऊ शकत असेल, तर तो श्रीमंत देशांतला ग्राहकही का घेणार नाही, या विचारातून ई पीसी जन्माला आला.

२००८ मध्ये दोन गोष्टी एकदम जुळून आल्या. मार्चमध्ये इंटेलने ‘अ‍ॅटम’ हा नवा, लहान आणि कमी वीज खाणारा प्रोसेसर जाहीर केला. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि मंदीने लोकांचे हात आखडले. काम भागेल आणि खिशाला झेपेल असे यंत्र लोकांना हवेच होते. एसरचा अ‍ॅस्पायर वन, डेलचा इन्स्पिरॉन मिनी, लेनोव्होचा आयडियापॅड एस १० अशी रांग लागली. आपल्याकडे एचसीएलने त्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘माय लीप’ नावाचा छोटा लॅपटॉप चौदा हजार रुपयांच्या आत विकायला काढला. मात्र या सगळ्या धांदलीत दोन मोठी नावे बाजूला उभी होती. सोनीच्या अमेरिकेतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २००८ च्या फेब्रुवारीतच इशारा दिला की असूसचा हा माल चालला तर सगळेच अडचणीत येतील, कारण ही तळाकडे धावण्याची शर्यत आहे. ऑक्टोबरात ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी गुंतवणूकदारांना स्पष्ट सांगितले की पाचशे डॉलरमध्ये भंगार नसलेला संगणक कसा बनवायचा हे आपल्याला ठाऊक नाही. अनेकांना यात श्रीमंती माल विकणाऱ्यांचा ताठा दिसला. पण स्वस्त यंत्राचा पैसा शेवटी कोणाच्या खिशात जात होता, याचा हिशेब मांडला की त्या म्हणण्यातला व्यवहार कळतो.

२००९ मधला कोणताही नेटबुक उघडून पाहिला तर आत जवळपास तेच सापडे. इंटेलचा अ‍ॅटम एन २७०, १ जीबी रॅम, १६० जीबीची डिस्क, १०२४ बाय ६०० ठिपक्यांची दहा इंची स्क्रीन आणि विंडोज एक्सपी. वरचे झाकण आणि त्यावरचे नाव तेवढे वेगळे. हा योगायोग नव्हता. मायक्रोसॉफ्टने जून २००८ अखेर एक्सपीची नेहमीची विक्री थांबवली, पण स्वस्त छोट्या यंत्रांसाठी ती पुढे चालू ठेवली. अट अशी की यंत्राची स्क्रीन आणि रॅम ठरवून दिलेल्या मर्यादेत राहिली पाहिजे. पुढे विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ आवृत्ती आली, तिच्यात तर स्क्रीनवरचे पार्श्वचित्र बदलण्याचीही सोय नव्हती. इंटेललाही अ‍ॅटम आपल्या महाग प्रोसेसरांच्या वाटेत यायला नको होता, म्हणून त्याची ताकद जाणूनबुजून मर्यादेत ठेवलेली होती. म्हणजे नेटबुक किती चांगला असावा हे नेटबुक बनवणारा ठरवत नव्हता. ज्यांना तो फार चांगला होणे परवडणारे नव्हते, ते दोघे ठरवत होते. अशा यंत्रात नामवंत उत्पादकाने आपले कसब कुठे ओतायचे? एचपीने २००८ च्या एप्रिलमध्ये तो प्रयत्न केला. त्यांच्या २१३३ मिनी-नोटला ॲल्युमिनियमचे देखणे कवच होते, कीबोर्ड मोठा आणि टंकायला सोयीचा होता. पण आतला व्हिया कंपनीचा प्रोसेसर रडतखडत चाले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि ज्यांनी हे नियम घातले त्यांनाही त्यातून सुख लाभले नाही. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज विकणाऱ्या विभागाचे उत्पन्न आठ टक्क्यांनी घटले आहे, आणि त्याचे एक कारण म्हणून ग्राहकांच्या नेटबुककडे वळण्याचा उल्लेख केला. त्याच दिवशी कंपनीने पाच हजार नोकऱ्या कमी करण्याचे ठरवले. नेटबुकची लाट उठवणाऱ्या असूसलाही २००८ च्या शेवटच्या तिमाहीत तोटा झाला.

मोठ्या नावाने स्वस्त माल काढण्याचा मोह नेटबुकच्या फार आधीचा आहे. आयबीएमने नोव्हेंबर १९८३ मध्ये घरगुती वापरासाठी ‘पीसी ज्युनियर’ जाहीर केला. कंपनीला भीती होती की हा स्वस्त संगणक फार चांगला निघाला तर कचेऱ्यांत खपणाऱ्या आपल्याच महाग पीसीचे गिऱ्हाईक ओढून नेईल. म्हणून तो मुद्दाम अपुरा ठेवला गेला. त्याच्या कीबोर्डची बटणे सुट्या गोळ्यांसारखी होती, त्यांच्यावर टंकणे त्रासाचे होते, आणि टीका इतकी झाली की कंपनीला १९८४ मध्ये तो कीबोर्ड फुकट बदलून द्यावा लागला. मार्च १९८५ मध्ये ज्युनियरचे उत्पादन बंद झाले. ॲपलनेही नव्वदच्या दशकात हा अनुभव घेतला. १९९२ पासून ‘परफॉर्मा’ या नावाखाली तिने मॅकचे असंख्य नमुने मोठमोठ्या दुकानांतून विकायला ठेवले. एकसारख्याच यंत्रांना इतके वेगवेगळे क्रमांक होते की काय घ्यावे हे ग्राहकाला कळेना. १९९६ आणि १९९७ या आर्थिक वर्षांत ॲपलला मिळून दीड अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्याला कारणे अनेक होती, परफॉर्माचा पसारा हे त्यांपैकी एक. या दोन्ही घटनांतून एकच गोष्ट दिसते. नामवंत कंपनी स्वतःच्या चांगल्या मालाला कात्री लावून स्वस्त माल काढते, तेव्हा तिला दोन्ही बाजूंनी भीती असते. माल चांगला निघाला तर महाग माल पडून राहतो, वाईट निघाला तर नाव जाते. त्या भीतीपोटी बनवलेले यंत्र कोणालाच हवेसे वाटत नाही. आपल्याकडे म्हणतात तसे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

सोनीची कहाणी या म्हणीचा पडताळा आहे. तळाकडच्या शर्यतीचा इशारा देऊन वर्षही झाले नव्हते, तोच जानेवारी २००९ मध्ये सोनीने वायो पी आणला. आठ इंची लांबट स्क्रीन आणि सहाशे ग्रॅमच्या आसपास वजन. तो बनवण्यात ओतलेले कसब पाहून आजही आदर वाटावा. पण आत होता तोच अ‍ॅटम घराण्यातला प्रोसेसर, वर विंडोज व्हिस्टाचे ओझे, आणि किंमत नऊशे डॉलर. याला नेटबुक म्हणू नका असे सोनी सांगत राहिली, पण ग्राहकाने त्याच्या वेगाची तुलना तीनशे डॉलरच्या नेटबुकशी केली आणि किंमतीची तुलना चांगल्या लॅपटॉपशी. दोन्हींत तो हरला. काही महिन्यांतच सोनीने पाचशे डॉलरचा वायो डब्ल्यू काढला, आणि तो सरळसरळ नेटबुकच होता. म्हणजे ज्या शर्यतीत उतरायचे नाही असे म्हटले होते, त्याच शर्यतीत सोनी उशिरा आणि जास्त किंमत घेऊन उतरली. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिने वायोचा सगळा धंदा विकायला काढल्याचे जाहीर केले. या शेवटाला केवळ नेटबुक जबाबदार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सुबक आणि वेगळे यंत्र म्हणजे वायो, हा जो विश्वास बारा वर्षे जपला होता, तो याच काळात पातळ झाला, आणि बदल्यात स्वस्त बाजारातला वाटाही हाती लागला नाही.

ॲपलने २००८ मध्येच वेगळे पाऊल उचलले होते, पण तेव्हा त्याची फार चर्चा झाली नाही. एप्रिल २००८ मध्ये, नेटबुकची लाट चढत असताना, तिने पी.ए. सेमी ही चिप घडवणारी छोटी कंपनी २७ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली. जानेवारी २०१० मध्ये जॉब्स यांनी आयपॅड दाखवला तेव्हा त्यात ए४ हा ॲपलच्या नावाचा प्रोसेसर होता, प्रणाली आयफोनमधली, म्हणजे ॲपलचीच, आणि किंमत ४९९ डॉलरपासून पुढे. पाचशे डॉलरमध्ये चांगला संगणक कसा बनवायचा हे ठाऊक नाही म्हणणाऱ्या कंपनीने पंधरा महिन्यांत त्याच किंमतीत एक यंत्र आणले. फरक एवढाच की ते नेटबुक नव्हते. लोक नेटबुकवर प्रत्यक्षात काय करतात हे तिने ओळखले होते. ते बातम्या वाचत, पत्रे पाहत, चित्रे आणि चित्रफिती बघत. तेवढे काम उत्तम होईल असे यंत्र तिने घडवले आणि बाकीचे सोडून दिले. पहिल्या २८ दिवसांत दहा लाख आयपॅड विकले गेले. ऑक्टोबर २०१० मध्ये ११.६ इंची मॅकबुक एअर ९९९ डॉलरला आला, म्हणजे छोटा लॅपटॉपही आला, पण ॲपलच्या पायरीवरून. नेटबुकच्या भरात मॅकचे गिऱ्हाईक ओसरेल असे भाकीत करणारे पुष्कळ होते. प्रत्यक्षात ॲपलने २००८ च्या आर्थिक वर्षात ९७ लाख मॅक विकले होते, २०१० च्या वर्षात ही संख्या १ कोटी ३६ लाखांवर गेली.

या मांडणीवर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप कॉम्पॅकच्या नावाने घेता येईल. ह्यूस्टनची ही कंपनी ऐंशीच्या दशकात उत्तम आणि महाग संगणकांसाठी ओळखली जाई. स्वस्त नकलांनी तिला घेरले, १९९१ मध्ये तिला पहिला तिमाही तोटा झाला, आणि संचालकांनी संस्थापक रॉड कॅनियन यांना दूर करून एकहार्ड फायफर यांच्याकडे सूत्रे दिली. जून १९९२ मध्ये ‘प्रोलिनिया’ हे स्वस्त संगणक आले आणि दोनच वर्षांत कॉम्पॅक जगातली सर्वांत मोठी पीसी कंपनी झाली. त्यांचेही प्रोसेसर इंटेलचे होते, प्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. मग कॉम्पॅकला जमले ते सोनीला का जमू नये? माझ्या मते दोन कारणे आहेत. कॉम्पॅकच्या १९९१ च्या किंमतीत चरबी भरपूर होती. सुटे भाग महागात घेतले जात, आराखड्यात गरजेपेक्षा जास्त खर्च होई. ती चरबी कापूनही यंत्र चांगले राहू शकत होते. तीनशे डॉलरच्या नेटबुकमध्ये कापायला काही उरलेच नव्हते. दुसरे असे की कॉम्पॅकचे यशही दहाच वर्षे टिकले. काळीज दुसऱ्याचे असल्यामुळे जो कोणी आणखी स्वस्तात विकेल तो पुढे जाणार हे ठरलेले होते, आणि डेलने थेट विक्री करून ते केले. १९९९ मध्ये फायफर गेले, २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत विलीन झाली. स्वस्त बाजारातल्या विजयाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या कंपनीचा शेवट असा झाला.

दुसरा आक्षेप हार्वर्डचे क्लेटन क्रिस्टेन्सेन यांच्या विचारातून येतो. १९९७ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी दाखवले की मोठ्या कंपन्या खालच्या बाजारातला साधा, स्वस्त माल क्षुल्लक समजून सोडतात, तो हळूहळू सुधारत वर चढतो आणि शेवटी त्यांनाच गिळतो. हार्ड डिस्कच्या आणि पोलादाच्या धंद्यात हे घडले आहे. या विचाराची मला पूर्ण कदर आहे, पण त्याची एक अट विसरली जाते. खालचा माल वर चढण्यासाठी त्याला सुधारायला वाव हवा. नेटबुकला तो नव्हता, त्याचे छत इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने आधीच बांधून ठेवले होते. ज्याला वाव होता असे स्वस्त यंत्र पुढे आले, ते म्हणजे क्रोमबुक. २०११ मध्ये सॅमसंग आणि एसरने पहिली क्रोमबुक विकली. त्यांची प्रणाली गुगलची होती, म्हणून त्यांच्यावर विंडोजच्या अटी नव्हत्या, आणि अमेरिकेतल्या शाळांमध्ये त्यांनी ॲपलची जुनी जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. हे नुकसान खरे आहे आणि ते मान्य करायला हवे. पण त्यानेही माझाच मुद्दा पक्का होतो. खालून आलेला धोका तिथेच गंभीर ठरला, जिथे स्वस्त यंत्राची प्रणाली तिच्या मालकाच्या हातात होती.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वस्त लॅपटॉपने कोट्यवधी लोकांना पहिला संगणक दिला. खेड्यातल्या शाळेला, फी भरून थकलेल्या विद्यार्थ्याला हजार डॉलरच्या सुबक यंत्राचा काय उपयोग? ज्यांच्याकडे सर्वांत चांगले अभियंते आहेत त्यांनीच या कामाकडे पाठ फिरवावी, हे योग्य आहे का? यातली तळमळ बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. गरिबाला स्वस्त यंत्र हवे असते, निकामी यंत्र नव्हे. ज्याच्याकडे एकदाच खर्च करायला पैसे आहेत, त्याचे यंत्र दोन वर्षांत हळू पडले तर त्याचे नुकसान श्रीमंतापेक्षा जास्त होते. मोठे नाव पाहून, पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवलेल्या माणसाला त्या नावाखाली अपुरे यंत्र विकणे ही फसवणूक आहे. तेव्हा नामवंतांचे या बाबतीतले कर्तव्य तीनशे डॉलरचा डबा बनवण्याचे नाही. आज महाग असलेली गुणवत्ता उद्या स्वस्तात देता येईल असे मूळ संशोधन करणे, आणि विकलेले यंत्र दीर्घकाळ चालेल, दुरुस्त होईल आणि दुसऱ्या हाती गेल्यावरही उपयोगी पडेल असे बनवणे, हे त्यांचे कर्तव्य आहे.

नेटबुकच्या भरभराटीवर स्वार झालेल्या एसरचा शेवटचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २००९ मध्ये तिने डेलला मागे टाकून विक्रीत जगातला दुसरा क्रमांक मिळवला. २०११ च्या मार्चअखेर तिचे मुख्याधिकारी जानफ्रांको लांची यांनी राजीनामा दिला, आणि त्या वर्षाचा ताळेबंद तोट्यात गेला. स्वस्तात विकणे हाच जिचा खरा धंदा, खर्च कापण्यात जिचा हातखंडा, त्या कंपनीचीही ही गत झाली. मग सुबकपणावर नाव मिळवलेल्या कंपनीने त्याच यंत्रावर आपला शिक्का मारून काय साधले असते? याउलट मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉलमार्टने ॲपलचा एम १ प्रोसेसरचा मॅकबुक एअर ६९९ डॉलरला विकायला सुरुवात केली. तो २०२० चा नमुना होता, प्रोसेसर आणि प्रणाली दोन्ही ॲपलच्या होत्या, आणि चार वर्षांनीही तो रोजच्या कामाला पुरेसा होता. स्वस्त बाजारात उतरण्यापूर्वी मोठ्या कंपनीने यंत्राचे काळीज स्वतः घडवायला शिकावे, मग किंमत खाली आणावी. त्यासाठी दहा-पंधरा वर्षे लागली तरी हरकत नाही, कारण उलट क्रमाने गेलेल्यांपैकी कोणाचाही धंदा आणि नाव दोन्ही एकत्र टिकलेले या इतिहासात दिसत नाही.